विहिरीवरचा हिरवा दिवा

काका,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले, आणि तुमच्या एका फोनचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. मे महिन्यातला तो फोन. सकाळचे सव्वादहा वाजले होते. तुम्ही भुईगावच्या विहिरीवरून बोलत होतात, मागे माणसांचे चढलेले आवाज होते, आणि तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "बाय, दिवा हिरवाच होता ना गं?" मी म्हणाले, "बघते, काका." मग मी बघितलं. दहा मिनिटांत मला सगळं कळलं. त्यानंतर सहा महिने रोज तुमच्या शेजारच्या टेबलावर बसूनही मी तुम्हाला काही सांगितलं नाही.

आता सांगते. मराठीत सांगते, कारण तेव्हा तेच जमलं नव्हतं.

गोखिवऱ्याच्या गाळ्यात मी पहिल्या दिवशी आले तेव्हा सरांनी मला सगळ्यांसमोर नाव सांगायला लावलं होतं. माझ्या तोंडून ते निघेपर्यंत तुम्ही एका वायरचं टोक सोलून, पिळून, सोल्डर करून मोकळे झाला होतात. वर न बघता म्हणालात, "सावकाश सांग, लाइन चालू आहे." सगळे हसले. मला राग आला होता. पण नंतर लक्षात आलं की त्या गाळ्यात माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारे तुम्ही एकटेच होतात. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीने ती सवय लावली असेल. मला वाटायचं की सगळी म्हातारी माणसं अशीच असतात. तसं नसतं.

आपण पंपावर बसवायच्या पेट्या बनवायचो. पेटीत एक सिमकार्ड. दर पंधरा मिनिटांनी पेटी गाळ्यातल्या कॉम्प्युटरशी जोडून घ्यायची, पाण्याचं माप सांगायची, मोटर चालू ठेवायची की बंद करायची ते उत्तर घ्यायची आणि लाइन सोडायची. त्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, माझा होता. सहा पेट्या वसई-विरारच्या सोसायट्यांच्या पंपरूममध्ये होत्या. सातवी तुमच्या हट्टाने भुईगावात, पाच वाड्यांच्या सामायिक विहिरीवर बसली.

समुद्र इतका जवळ की उन्हाळ्यात जास्त उपसलं की विहीर खारी होते. तुमच्याकडे त्यावर जुना उपाय होता. तुमच्या आईनंतर सुमनकाकू रोज सकाळी विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन सांगायच्या, "आज एवढंच." काकूंनी सांगितलं की मोटर बंद. पाचही वाड्या त्यांचं ऐकायच्या. तुम्हाला वाटायचं, काकूंचं वय झालं, आता हे काम पेटीने करावं. आपण पेटीला खारटपणा मोजायचं यंत्र जोडलं. भरती-ओहोटीप्रमाणे मर्यादा बदलावी लागायची, म्हणून मोटर कधी थांबवायची हे सर्व्हर ठरवायचा. पेटीवर दोन दिवे. लाल म्हणजे सर्व्हरशी संबंध नाही, मोटर हाताने बंद करा. हिरवा म्हणजे काळजी नाही.

त्या हिरव्या दिव्याबद्दल तुम्ही मला विचारलं होतंत. पेटी बसवण्याच्या आदल्या आठवड्यात, चहाच्या वेळी, सर समोर उभे असताना.

"एक सांग, बाय. आपण फोन लावला की कानात रिंग ऐकू येते. ती पलीकडच्या घरात वाजणारी घंटा नसते, माहितीय ना? ती एक्स्चेंजच आपल्याला ऐकवतं. पलीकडे फोन तुटून पडलेला असला तरी आपल्याला आपली रिंग ऐकू येते. तर हा तुझा हिरवा दिवा म्हणजे काय? पलीकडून उचललं, की नुसती एक्स्चेंजची रिंग?"

काका, इतका नेमका प्रश्न मला इंजिनीअरिंगच्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता.

त्याचं खरं उत्तर असं होतं. सर्व्हर प्रोग्राम दार उघडून बसतो. पेटी दाराशी आली की तिचं पहिलं स्वागत माझा प्रोग्राम करत नाही, त्याच्या खालची कॉम्प्युटरची मूळ यंत्रणा करते. ती पेटीला सांगते, "आलीस, जोडली गेलीस," आणि तिला रांगेत उभं करते. मग माझा प्रोग्राम ॲक्सेप्ट म्हणतो तेव्हा रांगेतली पुढची पेटी त्याच्या हाती येते आणि तिच्यासाठी वेगळी लाइन तयार होते. पण पेटीला हा फरक कळत नाही. रांगेत उभं केलं तेव्हाच तिला वाटतं की झालं, उचलला. आणि ती हिरवा दिवा लावते.

म्हणजे ती रिंगच होती. तुमची शंका बरोबर होती.

हे मला माहीत होतं. पण इंग्रजीत माहीत होतं. मराठीत पहिलं वाक्य काय करायचं तेच सुचेना. सर कप हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "उचलला, काका."

"नक्की?"

"हो."

तुम्ही मान हलवलीत आणि पेटीच्या झाकणावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीत: हिरवा असेल तर निर्धास्त राहा.

आपलं भांडण झालं, ते तर मी जिंकलेच नाही. माझ्या प्रोग्रामचा मूळ क्रम असा होता: एक पेटी आत घ्यायची, तिचं ऐकायचं, उत्तर द्यायचं, मग पुढची. पेटी जोडून गप्प बसली तर तीस सेकंदांनी तिची लाइन तोडायची. तुम्हाला ते पटेना. सोसायट्यांच्या तळघरात रेंज कमी असते, पेटीला बोलायला वेळ लागतो.

"बोलायला वेळ लागणाऱ्याला तू हाकलून देणार?"

"तीस सेकंद पुरे आहेत, काका."

"तुला पहिल्या दिवशी नाव सांगायला किती लागले?"

तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत. "हे बघ. ऑपरेटर काय करायचा? फोन आला की तो दुसऱ्या लाइनवर टाकायचा आणि आपण परत बोर्डावर. ज्याला वेळ लागतो त्याला आत बसव, पाणी दे. पण तू दार सोडू नकोस. तू एकाचं ऐकत बसलीस तर बाहेरच्यांनी काय करायचं?"

यात दोन गोष्टी होत्या. गप्प बसलेल्याला तोडू नकोस, ही एक. आणि त्याला वेगळं बसवून तू दारात परत जा, ही दुसरी. पहिलीसाठी एक ओळ पुसायची होती. दुसरीसाठी अर्धा प्रोग्राम नव्याने लिहायला हवा होता. मी ओळ पुसली आणि तुम्हाला म्हणाले, "केलं, काका." तुमचा मान ठेवला असं मला वाटलं. तुमचं अर्धंच ऐकलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी वाडीतला सोनचाफा आणून माझ्या कीबोर्डवर ठेवलात. तो मी घरी, एव्हरशाईनला नेला आणि आईला सांगितलं की ऑफिसात सगळ्यांना मिळाला.

आता मेमधली ती सकाळ. विरारच्या एका पंपरूममधली पेटी पहाटे पावणेसहानंतर जोडली गेली आणि तिची वीज गेली. ती एक शब्दही बोलली नाही. माझा प्रोग्राम तिचं ऐकायला थांबला. तीस सेकंदांची ओळ मी पुसलेली होती, म्हणून तो थांबूनच राहिला. दारात कुणीच नव्हतं. बाकीच्या सहा पेट्या दर पंधरा मिनिटांनी येत राहिल्या, रांगेत उभ्या राहत गेल्या, आणि त्यांचे दिवे हिरवे लागत राहिले.

सहा वाजता विहिरीवर जगन्नाथकाकांची पाळी सुरू झाली. शेजारची वाडी त्यांची, आणि तुम्ही दोघं लहानपणापासूनचे. त्यांच्या नव्या पानवेलींना पाणी जात होतं. तुम्ही विहिरीच्या कठड्यावर बसला होतात. काकू ओंजळ घेऊन आल्या, तर तुम्ही म्हणालात, "राहू दे, दिवा आहे ना." साडेसातला मोटर थांबायला हवी होती. थांबवायचं उत्तर आलंच नाही, म्हणून ती दहापर्यंत चालली. दहाला काकूंनी तुमचं न ऐकता पाणी जिभेला लावलं आणि स्वतः खटका ओढला.

मी गाळ्यात पोचले आणि तुमचा फोन आला. सर्व्हरच्या नोंदी उघडल्या, तर शेवटची ओळ पाच पन्नासची होती. पुढे काहीच नाही. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, आणि सहाही पेट्या एकेक करून आत आल्या. त्या दुपारी मी ते केलं जे तुम्ही सांगितलं होतंत. प्रत्येक पेटीला वेगळं बसवलं, दार मोकळं ठेवलं. बदलाची नोंद इंग्रजीत लिहिली, तिचा अर्थ होतो किरकोळ दुरुस्ती.

पानवेलींच्या कडा आठवड्याभरात करपल्या. जगन्नाथकाका चारचौघांत म्हणाले, "जन्म टेलिफोनमध्ये काढला आणि हरीला एक दिवा कळला नाही." हे तुम्हीच मला हसत सांगितलंत. मग न हसता म्हणालात, "मला डुलकी लागली असेल. लाल झाला असेल, दिसला नसेल." तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी स्क्रीनकडे बघत होते.

तुम्ही आणखी दोनदा विचारलंत. एकदा जूनमध्ये, एकदा गणपतीच्या सुट्टीआधी. दोन्ही वेळा मी म्हणाले, "नोंदी तपासायच्या राहिल्यात."

मी गप्प असते म्हणून लोकांना वाटतं माझं लक्ष नसतं. माझं सगळीकडे लक्ष असतं, काका. जुलैपासून तुम्ही स्कूटर आणणं बंद केलंत आणि बसने यायला लागलात, ते मी पाहिलं. गुडघे दुखत असतील असं स्वतःला सांगितलं. वायर जोडताना तुम्ही मला विचारायला लागलात, "ही हिरवी ना?" आणि ती नेहमी हिरवीच असायची. मी "हो" म्हणायचे. एवढं सोपं "हो" मला म्हणता येत होतं.

तुम्ही गेल्याचं सरांनी फोनवर सांगितलं. सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या, म्हणाले, कुणाला कळलंही नाही. मी सरांबरोबर आले होते. जगन्नाथकाका कुंपणापलीकडे, त्यांच्याच वाडीत उभे होते. आत आले नाहीत.

पाचव्या दिवशी मी एकटी आले. काकूंच्या समोर बसून राहिले. घरात चूल पेटत नव्हती, शेजारच्या वाड्या पाळीपाळीने जेवण आणत होत्या. काकू म्हणाल्या, "जगूकडचा डबा तेवढा नाही आला. येणार पण नाही." मग कपाटातून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. "हे काय लिहिलंय ते वाच गं. तू शिकलेली. मला म्हणायचे, डोळे गेले माझे, रंग कळत नाहीत. दोनदा जाऊन आले डॉक्टरकडे."

इंग्रजीत होतं. दोन्ही कागदांवर तेच. नजर वयाच्या मानाने उत्तम. रंग ओळखण्यात कोणताही दोष नाही.

"काय म्हणतो डॉक्टर?"

"डोळे चांगले होते, काकू."

"हे म्हणायचे, डॉक्टरला काय कळतंय."

तुम्ही दोन डॉक्टरांच्या कागदांपेक्षा माझ्या गप्प बसण्यावर जास्त विश्वास ठेवलात. तुमच्या डोळ्यांसमोर चार तास हिरवा दिवा होता, आणि मी तो तुम्हाला खोटा वाटू दिला. म्हणून स्कूटर बंद, म्हणून "ही हिरवी ना?" हे मला तिथे, त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं. काकूंना मी तेव्हाही काही सांगितलं नाही. कागद घडी घालून परत दिले.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सगळं. ते बराच वेळ पेन उघडत आणि बंद करत राहिले.

"आता ते गेले. विषय संपला. उकरून कशाला काढतेस?"

"त्यांच्यावर आळ आहे, सर."

"आणि उद्या पाचही वाड्यांवाले इथे गाळ्यावर येतील, तेव्हा कुणाकडे बोट दाखवू? तुझ्याकडे?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून पाहिलं. मग म्हणाले, "तू जाणार असशील तर माझ्या परवानगीने जात नाहीयेस, एवढं लक्षात ठेव." मी कपाटातून एक सुटी पेटी घेतली. त्यांनी पाहिलं, पण अडवलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी विहिरीवर पाचही वाड्यांची माणसं जमली होती, कारण पेटी काढून टाकायची असं ठरलं होतं. पाना हातात घेऊन जगन्नाथकाका पुढे होते. काकू कठड्याजवळ होत्या. मी म्हणाले, "थोडं थांबाल का?" कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. काकूंनी हात वर केला, तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.

मला वाटलं होतं की शब्द ऐनवेळी जातील. थोडे गेलेच. मी कठड्यावर लॅपटॉप ठेवला आणि त्यावर मेमधला जुना प्रोग्राम चालू केला. माझ्या फोनवरून एक लाइन जोडली आणि गप्प ठेवली. मग सुट्या पेटीचं बटण दाबलं आणि ती जगन्नाथकाकांच्या हातात दिली.

"कुठला दिवा लागलाय?"

"हिरवा. मग?"

"आता इथे बघा." मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "पेटी आलेली आहे, रांगेत उभी आहे. पण प्रोग्रामने तिला आत घेतलेलं नाही. तो या फोनचं ऐकायला थांबलाय, आणि फोन काही बोलतच नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंत उभे राहिलात तरी पेटीला उत्तर येणार नाही. आणि दिवा हिरवाच राहील."

ते पेटीकडे बघत राहिले. मिनिटभर, मग आणखी. कुणीतरी मागून म्हणालं, "जगू, अजून हिरवाच काय?" एकदा त्यांनी दिव्यावर हाताची सावली धरून पाहिलं.

"हे कुणी बनवलं?"

"मी. काकांनी मला आधीच विचारलं होतं की हा दिवा खरा आहे का. मी हो म्हणाले. काय बदलायचं तेही त्यांनी सांगितलं होतं. ते मी अर्धंच केलं. त्या दिवशी साडेदहा वाजता मला हे कळलं होतं."

"मेमध्ये?"

"हो."

"आणि तू सहा महिने गप्प?"

"हो."

मी ओरड्याची वाट बघत होते. खरं सांगायचं तर तो मला हवा होता. पण ते पेटी दोन्ही हातांत धरून कठड्यावर बसले, तुम्ही बसायचात तिथेच.

"तीनदा आला होता तो माझ्याकडे," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "अंगणातून हाक मारायचा. मी घरातच असायचो. कडी नाही काढली."

काकू विहिरीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतंस गं." आवाज चढलेला नव्हता. मी अजून त्या एका वाक्यातून बाहेर आलेले नाही, आणि येणारही नाही.

त्यानंतर काय झालं ते पटकन सांगते, कारण त्यातलं काहीच माझ्या भल्यासाठी सांगत नाहीये. पेटी अजून विहिरीवर आहे. तिचा हिरवा दिवा मी बदललाय. आता तो सर्व्हरकडून खरं उत्तर आल्यावरच लागतो आणि वीस मिनिटांत पुढचं उत्तर आलं नाही तर विझतो. तुमची चिठ्ठी काढली नाही, पण तिच्याखाली काकूंनी एक ओळ लिहून घेतली: सकाळी चव बघावी. सर मला काढतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त बाकीच्या सहा पेट्यांची यादी समोर ठेवली आणि म्हणाले, "प्रत्येक सोसायटीत तूच जाऊन सांगायचं." तीन झाल्या, तीन राहिल्यात. प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य अवघड जातं.

आणि त्या सकाळी, मी लॅपटॉप पिशवीत घालून निघाले तेव्हा जगन्नाथकाका अजून तिथेच होते. त्यांच्या मांडीवरच्या पेटीचा दिवा अजून हिरवाच होता. ते स्वतःशीच म्हणाले की मला म्हणाले, कळलं नाही. "म्हणजे हरीला हिरवाच दिसला होता."

"हो," मी म्हणाले.

दुपारी त्यांच्याकडचा डबा आला, असं काकूंनी फोनवर सांगितलं. वालाचं बिरडं होतं. तुम्हाला आवडायचं म्हणे. मला हे माहीत नव्हतं.

काका, नोंदी तपासल्या. दिवा हिरवाच होता.